खेळाची झिंग की दारूची? : स्टेडियममधील मद्यपान, कायदा आणि परतीची वाट

पुणे - गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या स्टेडियममध्ये मोठा सामना असला, की प्रवेशद्वारांवर प्रेक्षकांच्या लांबच लांब रांगा लागतात. पिशव्या उघडल्या जातात, खिसे चाचपले जातात, पाण्याच्या बाटल्याही बाहेर ठेवायला लावल्या जातात. अशा तपासणीतून दारूची बाटली आत नेणे सोपे नाही. मात्र प्रवेशद्वारावर तपासली जाते ती पिशवी. प्रेक्षकाने सामन्यापूर्वी घेतलेली दारू त्या तपासणीत सापडत नाही. त्यामुळे खेळाच्या मैदानावरील मद्यपानाचा प्रश्न आपल्याकडे प्रामुख्याने सामन्याआधी आणि सामन्यानंतर होणाऱ्या मद्यपानाचा आहे. त्याचा उपद्रव शेजारच्या खुर्चीवरील कुटुंबाला होतो, रात्री रस्त्यावरील वाहनचालकाला होतो आणि अनेकदा घरी वाट पाहणाऱ्या माणसांनाही होतो. या विषयाचे कायदेशीर, वैद्यकीय आणि सामाजिक पैलू पुढीलप्रमाणे.

नेहरू स्टेडियम ते गहुंजे

स्वारगेटजवळील महापालिकेच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर १९८४ ते २००५ या काळात आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने झाले. १९९६ च्या विश्वचषकात २९ फेब्रुवारी रोजी केनियाने वेस्ट इंडीजचा डाव ९३ धावांत गुंडाळून ७३ धावांनी विजय मिळवला, तो याच मैदानावर. ते सामने दिवसा होत. स्टेडियम शहराच्या मध्यभागी असल्याने प्रेक्षक पायी, सायकलवर, रिक्षाने अथवा पीएमटीच्या बसने येत आणि संध्याकाळी त्याच मार्गाने घरी परतत.

२०१२ मध्ये गहुंजे येथील स्टेडियम सुरू झाले आणि हे चित्र पालटले. सुमारे ४० हजार प्रेक्षकांची क्षमता असलेले हे मैदान मावळ तालुक्यात, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, शहराच्या मध्यापासून वीसहून अधिक किलोमीटर अंतरावर आहे. ट्वेंटी-२० सामने सायंकाळी सुरू होऊन रात्री ११ च्या पुढे संपू लागले. बहुसंख्य प्रेक्षक स्वतःच्या मोटारीने अथवा दुचाकीने येऊ लागले. पुणे वॉरियर्स, रायझिंग पुणे सुपरजायंट हे संघ आले आणि गेले. २०१८ मध्ये कावेरी पाणीवाटपावरील आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामनेही येथे हलविण्यात आले. २०२३ च्या विश्वचषकातील पाच सामने येथे झाले. थोडक्यात, मैदान महामार्गावर गेले, सामना रात्रीचा झाला आणि प्रेक्षक चाकांवर आला. मद्यपानाच्या प्रश्नाला या तिन्ही बदलांमुळे नवे परिमाण मिळाले.

पुण्यातील क्रीडासंस्कृतीचे दुसरे टोक म्हणजे येथील तालमी. दूध, थंडाई, व्यायाम आणि निर्व्यसनीपणा ही पेठांमधील तालमींची शिस्त. पहिलवानाच्या शरीरात दारूला स्थान नाही, हे आखाड्यातला लहान मुलगाही जाणतो. मात्र ही शिस्त खेळाडूपुरती राहिली. प्रेक्षकासाठी अशी शिस्त कोणी घालून दिली नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात दारूबंदी नाही, असा सर्वसाधारण समज आहे. कायद्याच्या भाषेत मात्र स्थिती उलट आहे. राज्यात आजही मूळचा मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हाच कायदा लागू आहे. आता त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असे आहे. तत्कालीन मुंबई राज्यात १९५० मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. १९५१ मध्ये एफ. एन. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील काही तरतुदी रद्द केल्या, परंतु त्याचा गाभा कायम ठेवला. पुढे साठच्या आणि सत्तरच्या दशकांत बंदी शिथिल झाली, तीही परवान्याच्या वाटेने. म्हणूनच मद्य विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी व्यक्तीकडे परवाना असणे कायद्याला अपेक्षित आहे. हा परवाना एक दिवसाचा, एक वर्षाचा अथवा आजीव असतो. वयाची अट सौम्य बिअर व वाइनसाठी २१ वर्षे, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे आहे. स्टेडियममधील तरुण गर्दीचा मोठा भाग या दुसऱ्या मर्यादेच्या आतला असतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याच अधिनियमाच्या कलम ८५ नुसार रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी नशेत स्वतःला सांभाळता न येण्याइतपत धुंद असणे अथवा नशेत बेशिस्त वर्तन करणे हा गुन्हा आहे. तिकीट काढून प्रवेश मिळतो म्हणून स्टेडियमला यातून सूट मिळत नाही. वैद्यकीय तपासणीत रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण ०.०५ टक्क्यापेक्षा कमी नसल्याचे आढळले, तर आपण निषिद्ध मद्य घेतले नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही यासंबंधी तरतूद आहे. दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असे वर्तन केल्यास कलम ३५५ नुसार २४ तासांपर्यंत साधी कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, दोन्ही शिक्षा किंवा समाजसेवा करण्याची शिक्षा होऊ शकते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५१० मध्ये हाच दंड दहा रुपये होता. इंग्रजांच्या काळातील ती रक्कम दीडशेहून अधिक वर्षे तशीच राहिली, यावरून या गुन्ह्याकडे किती हलकेपणाने पाहिले गेले, याची कल्पना येते.

स्टेडियममध्ये मद्य मिळू शकते का?

सर्वसाधारण प्रेक्षकगॅलरीत मद्यविक्री करण्याची प्रथा महाराष्ट्रातील मैदानांवर नाही. मोठ्या सामन्यांच्या तिकिटांवरील अटींमध्ये मद्य आणण्यास मनाई असते. नशेत असलेल्या व्यक्तीला प्रवेश नाकारण्याचा अथवा बाहेर काढण्याचा अधिकार आयोजकांनी राखून ठेवलेला असतो आणि अशा वेळी तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. प्रेक्षकांपैकी फारच थोडे जण या अटी वाचतात.

एखाद्या कार्यक्रमात मद्य द्यायचे असल्यास आयोजकाला राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसापुरता तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. परवाना ठरावीक जागेपुरता आणि ठरावीक वेळेपुरता असतो. अर्ज केला म्हणून तो मिळतोच असे नाही आणि मिळालेला परवाना कायम राहतोच असेही नाही. पुण्यात याचे ठळक उदाहरण क्रीडाक्षेत्राबाहेरचे आहे. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी कोथरूड येथे गायक दिलजीत दोसांझ यांचा कार्यक्रम झाला. तेथील मद्यविक्रीला स्थानिक पातळीवर विरोध झाल्यानंतर राज्य उत्पादन शुल्क विभागाने त्या कार्यक्रमासाठीची मद्याची परवानगी रद्द केली. कार्यक्रम झाला, मात्र मद्याविना. हजारोंच्या गर्दीचा कार्यक्रम दारूशिवाय पार पडू शकतो, हे यातून दिसून आले.

जगाचा अनुभव

पाश्चात्त्य देशांनी या प्रश्नाची किंमत फार पूर्वी मोजली आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे ४ जून १९७४ रोजी बेसबॉल सामन्याला गर्दी व्हावी म्हणून अवघ्या दहा सेंटला बिअरचा पेला विकण्यात आला. सुमारे २५ हजार प्रेक्षक आले. नवव्या डावात नशेतील जमाव मैदानात घुसला, खेळाडूंवर हल्ले झाले आणि अखेर सामना पाहुण्या टेक्सास संघाला बहाल करावा लागला.

स्कॉटलंडमध्ये १० मे १९८० रोजी सेल्टिक आणि रेंजर्स या संघांतील चषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यानंतर दोन्ही बाजूंचे समर्थक मैदानावरच भिडले. त्याच वर्षीच्या फौजदारी कायद्याने तेथील फुटबॉल मैदानांवर मद्य नेण्यास बंदी घालण्यात आली. इंग्लंडने १९८५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यातील तरतुदी आपल्याकडेही अभ्यासण्याजोग्या आहेत. खेळपट्टी दिसेल अशा ठिकाणी बसून मद्य घेण्यास मनाई, समर्थकांना नेणाऱ्या खास बसगाड्या व रेल्वेगाड्यांत मद्यबंदी आणि नशेत मैदानात प्रवेश करणे अथवा तसा प्रयत्न करणे हाच गुन्हा, अशी त्याची रचना आहे. म्हणजे कायद्याने केवळ बाटली नव्हे, तर प्रवास आणि प्रवेशद्वारही विचारात घेतले. हा कायदा फुटबॉलपुरता आहे. लॉर्ड्सच्या मैदानावर कसोटी सामन्यासाठी प्रेक्षकांना मर्यादित मद्य सोबत नेण्याचीही मुभा देण्यात आलेली आहे. खेळ, त्याचा वेग आणि गर्दीचा स्वभाव यांनुसार नियम वेगळे ठेवले गेले.

बंदी आणि व्यापार यांतील ओढाताणही जगाने पाहिली. ब्राझीलमध्ये स्टेडियममधील मद्यविक्रीवर बंदी होती. परंतु २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी 'फिफा'च्या आग्रहापुढे तेथील सरकारला २०१२ मध्ये विशेष कायदा करावा लागला. याउलट कतारने २०२२ च्या स्पर्धेच्या उद्घाटनाला दोन दिवस उरले असताना, १८ नोव्हेंबर रोजी स्टेडियमभोवतीची बिअरविक्री बंद केली आणि स्पर्धा तरीही पार पडली.

सामना संपल्यावर प्रेक्षक किती नशेत असतात, याचे मोजमाप अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बेसबॉल व अमेरिकन फुटबॉलचे सामने पाहून बाहेर पडणाऱ्या ३६२ प्रौढांची श्वासचाचणी घेण्यात आली. त्यांपैकी सुमारे ४० टक्के जणांच्या शरीरात अल्कोहोल आढळले आणि ८ टक्के जण तेथील वाहन चालविण्याच्या कायदेशीर मर्यादेपलीकडे होते. सामन्यापूर्वी वाहनतळावर पार्टी करणाऱ्यांमध्ये मर्यादा ओलांडण्याची शक्यता कितीतरी पट अधिक होती. अमेरिकेतील ही मर्यादा भारताच्या मर्यादेपेक्षा अडीच पटीहून अधिक सैल आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

प्रत्येक गोंधळ दारूमुळे नसतो

मैदानावरील प्रत्येक गैरप्रकाराचे खापर दारूवर फोडणे मात्र योग्य नाही. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचा डाव कोसळताच प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये कटक येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या ट्वेंटी-२० सामन्यात पाण्याच्या बाटल्या मैदानात आल्या. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जणांचा मृत्यू झाला, तो गर्दीच्या नियोजनातील अपयशामुळे. निराशा, उन्माद आणि ढिसाळ व्यवस्था यांना दारूची गरज नसते. मात्र अशा गर्दीत नशेतील माणसे असतील तर धोका वाढतो. धावपळ झाल्यास नशेतील व्यक्तीला तोल सावरता येत नाही, सूचना कळत नाहीत आणि ती स्वतःसह इतरांनाही घेऊन पडते.

शरीरात काय घडते?

मद्याचे प्रमाण बाटलीवरून नव्हे, तर त्यातील शुद्ध अल्कोहोलवरून मोजतात. आपल्याकडील व्हिस्की, रम आदी मद्यांत अल्कोहोलचे प्रमाण साधारण ४२.८ टक्के असते. ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. ८ टक्के तीव्रतेच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार लहान पेगांइतके अल्कोहोल असते. 'बिअर म्हणजे दारू नव्हे' हा समज किती फसवा आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये हे प्रमाण सुमारे ६० ग्रॅमपर्यंत जाते.

यकृत हे अल्कोहोल आपल्याच संथ गतीने बाहेर टाकते. रक्तातील प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने कमी होते. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ अथवा षटकारांचा जल्लोष यांनी ही गती वाढत नाही. सुमारे ७० किलो वजनाच्या पुरुषाने सायंकाळी ६ वाजता एक क्वार्टर घेतली, तर रात्री ११ वाजता सामना संपल्यावरही त्याच्या रक्तातील प्रमाण वाहन चालविण्याच्या मर्यादेच्या वर असू शकते. 'आता उतरली' असे वाटणे आणि ती खरोखर उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तितक्याच मद्याने त्यांच्या रक्तातील प्रमाण अधिक वाढते.

दारू मेंदूतील संयमाच्या केंद्रांवर आधी परिणाम करते. त्यामुळे माणूस प्रथम मोकळा, मग मोठ्या आवाजाचा आणि नंतर आक्रमक होतो. चाळीस हजार लोकांच्या गजरात हा बदल स्वतःच्या लक्षात येत नाही. शेजारच्याच्या मात्र लगेच येतो. मुलाबाळांसह आलेली कुटुंबे आणि मैत्रिणींसह आलेल्या तरुणी यांना शिवीगाळ, धक्काबुक्की व छेडछाड यांचा त्रास होतो. एकदा असा अनुभव आला, की ते कुटुंब पुन्हा मैदानाकडे फिरकत नाही.

पाण्याचा प्रश्न

मद्य शरीरातील पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला अटकाव करते. त्यामुळे लघवीचे प्रमाण वाढते आणि शरीर कोरडे पडते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ३८ ते ४० अंशांपर्यंत जाते आणि गहुंजे स्टेडियमचा बराचसा भाग छताविना आहे. उन्हात बसलेल्या, आधीच मद्य घेतलेल्या प्रेक्षकाला चक्कर येणे, उलट्या होणे अथवा उष्माघात होणे संभवते. सुरक्षेसाठी पाण्याची बाटली आत नेण्यास बंदी असेल, तर आत पुरेसे आणि सहज मिळणारे पाणी देणे ही आयोजकांची जबाबदारी ठरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत-न्यूझीलंड कसोटीच्या पहिल्याच दिवशी गहुंजे येथे पिण्याच्या पाण्याअभावी प्रेक्षकांचे हाल झाले आणि संघटनेला माफी मागावी लागली. दारू न घेतलेल्यांची ही अवस्था झाली. मैदानावरील मद्यपानाचे दुष्परिणाम कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मुबलक पाणी, याचा विसर पडता कामा नये.

परतीची वाट

खरा धोका सामना संपल्यानंतर सुरू होतो. हजारो वाहने एकाच वेळी बाहेर पडतात. काही जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने देहूरोड-निगडीकडे, तर काही बाह्यवळण मार्गाने. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना वाहन चालविणे गुन्हा आहे. अनेकांच्या बाबतीत दोन लहान पेगही ही मर्यादा गाठण्यास पुरेसे ठरतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड अथवा दोन्ही, तर त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

महामार्गालगतची दारूविक्री हा याच साखळीतील दुवा. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील दारूची दुकाने १ एप्रिल २०१७ पासून बंद करण्याचा आदेश दिला. लहान वस्त्यांसाठी पुढे हे अंतर २२० मीटर करण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये हा आदेश महापालिका व नगरपालिकांच्या हद्दीत लागू नसल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. महामार्गावरून धावणारा चालक आणि दारू यांत अंतर ठेवणे, हा त्यामागील हेतू होता. मात्र मोटारीच्या डिकीत ठेवलेल्या बाटलीला कोणतेही अंतर लागू होत नाही.

मद्य आणि वाहन एकत्र आले म्हणजे काय होते, हे पुणेकरांना सांगण्याची गरज नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्या घटनेचा सामन्याशी संबंध नव्हता. परंतु रात्री उशिराचे रस्ते सर्वांचेच असतात. मोठ्या सामन्यांच्या दिवशी पुरेशा बस, त्यांची आगाऊ माहिती आणि वाहनतळाच्या बाहेर पडण्याच्या मार्गावरच श्वासचाचणी या तीन गोष्टी झाल्या, तर पोलिसांना नंतर महामार्गावर धावपळ करावी लागणार नाही.

पडद्यावरचा सामना

स्टेडियममध्ये बसणारे प्रेक्षक हजारोंत, तर पडद्यावर सामना पाहणारे कोट्यवधींत असतात. उपाहारगृहे व परमिट रूममधील मोठे पडदे हे सामन्याच्या दिवसांचे आकर्षण झाले आहे. २९ जून २०२४ रोजी भारताने ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला, तेव्हा मध्यरात्री फर्ग्युसन रस्त्यावर तरुणाईचा महापूर लोटला होता. त्या आनंदात बहुसंख्य शुद्धीवरच असतात. मात्र अशा गर्दीत ना तिकीट असते, ना प्रवेशद्वार, ना तपासणी.

याहून गंभीर बाब घराच्या चार भिंतींआड घडते. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२, २००६ व २०१० च्या फुटबॉल विश्वचषकांदरम्यान लँकेशायर पोलिसांकडे आलेल्या कौटुंबिक हिंसाचाराच्या नोंदी तपासल्या. इंग्लंडचा संघ जिंकला अथवा बरोबरीत राहिला त्या दिवशी या नोंदी २६ टक्क्यांनी, तर हरला त्या दिवशी ३८ टक्क्यांनी वाढल्या होत्या. मद्यपान हे संशोधकांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक. दारुड्या पुरुषाच्या पराभवाची शिक्षा बायको-मुलांना भोगावी लागते, हे महाराष्ट्रातील दारूबंदीच्या चळवळीतील स्त्रिया वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत.

जाहिरातींचा खेळ

मद्याच्या थेट जाहिरातींना केबल दूरचित्रवाणी जाळे नियम, १९९४ नुसार मनाई आहे. तरीही सोडा, पाणी, संगीताच्या सीडी अशा आडवळणाने मद्याची नावे प्रेक्षकांसमोर येत राहिली. १९९८ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या संघांच्या नावांपुढे मद्यसमूहाच्या ब्रँडची नावे लागली. आयपीएलमधील बंगळुरू संघाचे नावही एका व्हिस्कीच्या नावावरून आले. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा छुप्या जाहिरातींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. एकीकडे बाटली आत नेण्यास बंदी आणि दुसरीकडे तिचे नाव छातीवर मिरवायचे, ही विसंगती शाळकरी प्रेक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

मौज की व्यसन?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के आहे. सुमारे ५ कोटी ७० लाख जणांना मद्याशी निगडित समस्यांसाठी मदतीची गरज असल्याचे हे सर्वेक्षण सांगते. 'फक्त मॅचच्या दिवशी' पिणाऱ्याला वर्षभर कोणता ना कोणता सामना सापडतो आणि सबब हळूहळू सवय होते.

या बाबतीत पुणे सुदैवी आहे. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साह्याने येथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. आरंभी ब्राऊन शुगरच्या विळख्यातील तरुणांसाठी सुरू झालेल्या या केंद्रात पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. व्यसन हा आजार असून त्यातून बाहेर पडता येते, हा विश्वास या संस्थेने महाराष्ट्राला दिला.

प्रेक्षकांनी लक्षात ठेवावे असे

- मद्य घेतले असल्यास वाहन चालवू नये. गटाने जाणार असाल, तर न पिणारा चालक आधीच ठरवावा.
- तिकिटावरील अटी वाचाव्यात. नशेत आढळल्यास प्रवेश नाकारला जाऊ शकतो.
- शेजारचा प्रेक्षक त्रास देत असल्यास वाद न घालता सुरक्षारक्षकाला अथवा पोलिसांना कळवावे. आपत्कालीन क्रमांक ११२.
- नशेत बेशुद्ध झालेल्या व्यक्तीला उताणे झोपवू नये. उलटी घशात अडकून जीव जाऊ शकतो. तिला कुशीवर वळवून तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. पाणी अथवा कॉफी पाजण्याचा प्रयत्न करू नये.
- उन्हातील सामन्यात दर तासाला पाणी प्यावे.
- व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ निःशुल्क उपलब्ध आहे.